विंडोज १० नंतर : घरच्या संगणकावर लिनक्स आणताना

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबणार, हे मायक्रोसॉफ्टने बरेच आधी जाहीर केले होते आणि आमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्याची आठवण करून देणारी चौकट अधूनमधून उमटू लागली होती. हा लॅपटॉप २०१६ साली घेतलेला. इंटेलच्या सहाव्या पिढीतील आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि एक टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असलेला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे आमचे यंत्र त्या यादीत बसत नव्हते. नवा लॅपटॉप घेणे, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ घेऊन निर्णय पुढे ढकलणे, अटी चुकवून विंडोज ११ बसवणे किंवा विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीकडे वळणे, एवढेच मार्ग समोर होते. यंत्र धडधाकट असताना केवळ प्रणालीसाठी ते टाकून देणे मला पटत नव्हते आणि आडमार्गाने बसवलेली प्रणाली पुढच्या एखाद्या अपडेटनंतर चालेल की नाही, या टांगत्या प्रश्नासह बँकेचे व्यवहार करण्याची माझी तयारी नव्हती.

मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. घरी मुद्रितशोधनाचे काम घेते आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून पत्रव्यवहार व हिशेब पाहते. संगणक हे माझे कामाचे साधन आहे, छंद नव्हे, आणि त्याच्या पोटात काय चालते याचे मला फारसे कुतूहल कधी नव्हते. हे आरंभीच सांगते, कारण लिनक्सबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा या विषयात रमणाऱ्यांनी लिहिलेले असते आणि त्यात प्रणाली कशी बसवावी याचाच विस्तार फार असतो. माझ्या अनुभवात प्रणाली बसवणे हा सर्वांत लहान भाग ठरला. वेळ गेला तो आपले काम कोणकोणत्या प्रोग्रामांत आणि फॉन्टांत अडकून बसले आहे हे हुडकण्यात, आणि ते तिथून सोडवून घेण्यात.

माझ्या भाच्याने स्वतःच्या संगणकावर पूर्वीच लिनक्स घेतले होते. तो म्हणाला, “मावशी, आधी काही बसवू नकोस. महिनाभर तू संगणकावर काय काय करतेस ते नुसतं लिहून ठेव.” ही सूचना फार मोलाची ठरली. वहीत जे उतरले त्यातले निम्म्याहून अधिक काम ब्राउझरमध्येच होत होते : बँक, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, परदेशी असलेल्या मुलीशी व्हिडिओवर बोलणे, सासूबाईंची कीर्तने. या कामांना खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी काहीही देणेघेणे नसते. फायरफॉक्स किंवा क्रोम असले की झाले. उरलेल्या कामांची यादी मात्र लहान असूनही कठीण होती. वर्डमधील संस्थेची पत्रे, एक्सेलमधील देखभाल शुल्काचा हिशेब, जुना लेझर प्रिंटर, आणि गेल्या वीसेक वर्षांत मी मराठीत टाइप केलेले सगळे काही.

या शेवटच्या गोष्टीबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण मराठीत काम करणाऱ्या कोणालाही लिनक्सकडे जाताना हीच अडचण सर्वांत आधी भेटणार आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोहोचण्यापूर्वी आपण सर्वजण आयएसएम, श्रीलिपी किंवा तत्सम प्रणाली वापरून टाइप करत होतो. त्या फायलींमध्ये प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे नसतातच. आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, आणि विशिष्ट फॉन्ट त्या त्या चिन्हाच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा काढून दाखवतो. फॉन्टचा हा चष्मा काढला की मागे उरतो तो अर्थहीन मजकूर. विंडोजवर ते फॉन्ट बसवलेले असल्यामुळे हे इतकी वर्षे जाणवले नव्हते. फॉन्टची फाइल लिनक्सवरही बसवता येते आणि जुना मजकूर वाचताही येतो. परंतु तो दुरुस्त करण्यासाठी लागणारा टंकलेखनाचा प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिलेला असल्याने ते वाचन केवळ वाचनच राहते. म्हणून विंडोज हाताशी आहे तोवरच सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, असे मी ठरवले.

रूपांतर करून देणारी मोफत साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘क’. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम असतो, आधी ‘क’ आणि मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट : जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त अक्षराच्या आधी बसतात. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या साधनाला चिन्हे बदलण्याबरोबर त्यांची जागाही हलवावी लागते, आणि जोडाक्षरावर वेलांटी व रफार एकत्र आले की ते हमखास गोंधळते. ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘वार्षिक’ असे शब्द मला वारंवार दुरुस्त करावे लागले. मधेच आलेला इंग्रजी मजकूरही हे साधन देवनागरी समजून रूपांतरित करते, त्यामुळे संस्थेच्या पत्रांतील नोंदणी क्रमांक आणि पॅन क्रमांक यांचा चक्काचूर झाला होता.

सर्वांत फसवा प्रकार ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा. काही साधने तिथे सरळ रफार देतात, म्हणजे ‘आचाऱ्याला’ वाढायला सांगितलेले जेवण ‘आचार्याला’ वाढावे लागते. हा दोष वाचताना निदान दिसतो तरी. दुसरा दोष दिसतही नाही, कारण युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते : एकदा नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरून, तर दुसऱ्या वेळी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्याला हा फरक त्रासदायक आहे. मी रूपांतरानंतर प्रत्येक फाइलमध्ये शोधा-आणि-बदला ही सोय वापरून सगळीकडे पहिली पद्धत केली. हे सारे काम एका बैठकीत होण्यासारखे नव्हते. खरोखर लागणारे मजकूर आधी घेतले, बाकीचे पीडीएफ करून ठेवले आणि काही सरळ काढून टाकले. वीस वर्षांपूर्वीच्या सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे युनिकोड करून कोणाचे भले होणार होते?

याच काळात दुसरी एक तयारी चालू होती आणि ती मी इतरांना आवर्जून सुचवते. प्रणाली बदलण्याआधी मी विंडोजवरच प्रोग्राम बदलले. वर्ड-एक्सेलची कामे करणारे लिबरऑफिस, फायरफॉक्स ब्राउझर आणि चित्रफिती दाखवणारे व्हीएलसी ही तिन्ही विंडोजवर मोफत मिळतात आणि लिनक्सवर जशीच्या तशी असतात. त्यामुळे अडेल तिथे जुना प्रोग्राम शेजारीच उपलब्ध होता, आणि प्रत्यक्ष लिनक्स आले त्या दिवशी रोजची साधने ओळखीची होती. लिबरऑफिस हे २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले आणि डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेने सांभाळलेले पॅकेज आहे. त्यात मराठीसाठी एक गोष्ट प्रथम करावी लागते. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन संयुक्त लिप्यांची सोय सुरू करायची आणि तिथे मराठी निवडायची. हे पॅकेज रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, असे दोन फॉन्ट आणि दोन आकार वेगवेगळे लक्षात ठेवते. हे माहीत नसेल तर एकाच ओळीतील मराठी मजकूर बारा पॉइंटमध्ये आणि इंग्रजी शब्द चौदात असा विचित्र प्रकार घडतो आणि कारण कळत नाही. परिच्छेदाच्या शैलीतच दोन्ही आकार एकदा नीट ठरवून दिले की पुन्हा त्रास होत नाही.

वर्डमध्ये केलेली मराठी पत्रे लिबरऑफिसमध्ये उघडली, पण त्यांची मांडणी हलली. मंगल, कोकिळा, निर्मला हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, लिनक्सबरोबर येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट लागतो आणि एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. इंग्रजी मजकुराला ही अडचण कमी येते, कारण एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्या मापाचे लिबरेशन फॉन्ट आणि कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो हे मुक्त फॉन्ट मुद्दाम तयार केलेले आहेत. मंगलच्या मापाचा तसा पर्याय माझ्या हाती लागला नाही. यावर मी उपाय योजला तो साधा आहे. बाहेर पाठवायचे पत्र नेहमी पीडीएफ करूनच पाठवायचे, आणि ज्यात समोरच्याला बदल करायचे असतील तेवढीच फाइल वर्डच्या स्वरूपात द्यायची.

हिशेबाची गोष्ट अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. देखभाल शुल्क, थकबाकी, त्यावरील व्याज, सदनिकांप्रमाणे बेरजा ही सगळी सूत्रे लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातील एक्सेलच्या जोडीदारात, तशीच चालली. लाख-कोटींचे स्वल्पविराम हजारांच्या पाश्चात्त्य पद्धतीने पडत होते, तिथे आकड्यांच्या मांडणीत हवा तसा संकेत लिहून दिला. एकच गोष्ट चालली नाही, ती म्हणजे पावती छापणारा मॅक्रो, म्हणजे एका टिचकीने चालणारी आज्ञांची मालिका. हा मॅक्रो संस्थेच्या एका माजी पदाधिकाऱ्यांनी एक्सेलसाठी लिहिलेला होता आणि आत काय आहे हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मी पावतीचा नमुना लिबरऑफिसच्या मेल-मर्जमध्ये, म्हणजे एकाच नमुन्यात प्रत्येकाची माहिती भरणाऱ्या सोयीत, नव्याने केला. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, पण आता ती पावती कशी तयार होते हे खजिनदारांनाही समजते.

मग कोणते लिनक्स घ्यायचे हा प्रश्न आला. लिनक्स हे खरे तर प्रणालीच्या गाभ्याचे नाव. फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी तो गाभा १९९१ मध्ये लिहायला घेतला, तर त्याभोवतीची पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आलेली आहेत. हा गाभा, ही साधने आणि पडद्यावरील मांडणी एकत्र बांधून वेगवेगळे गट आपापले संच देतात, म्हणून उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशी नावे ऐकू येतात. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनेही डेबियनवर आधारलेला ‘बॉस’ नावाचा संच भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून तयार केला आहे आणि केरळमधील सरकारी शाळांत तर कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवला जातो. मी लिनक्स मिंट निवडले. त्याचे कारण तात्त्विक नव्हते. त्यातील सिनॅमन ही मांडणी विंडोजच्या सवयीच्या हाताला परकी वाटत नाही : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. शिवाय मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अडल्यावर उत्तर सापडण्याची शक्यताही उबुंटूच्या घराण्यात अधिक असते. संच निवडण्यात महिनोन्‌महिने घालवणारे लोक मी पाहिले आहेत. घरगुती वापरासाठी त्या चिकित्सेत काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घेतली, ती मधेच खराब झालेली नाही हे तिच्या तपासणी-अंकांवरून पडताळले आणि रूफस नावाच्या लहानशा प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्हवरील आधीचे सगळे यात पुसले जाते, म्हणून तो रिकामा घ्यावा. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात केली की संपूर्ण प्रणाली डिस्कला हात न लावता चालू होते. या अवस्थेचा लोक फार वरवर उपयोग करतात. पडदा दिसला, छान वाटले, बसवा! मी मात्र त्यातच वही घेऊन बसले. वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा आणि माइक ब्राउझरमध्ये दिसतात का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, प्रोजेक्टर जोडता येतो का, फोन केबलने जोडल्यावर त्यातील छायाचित्रे दिसतात का. वायफाय पहिल्या झटक्यात लागले नाही. फोनचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला दिले आणि मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तेव्हा त्याने वायफाय चिपसाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप प्रणालीशी जोडून देणारा प्रोग्राम, स्वतःच सुचवला. पेनड्राइव्हवरून चालताना प्रणाली बरीच संथ असते, त्यावरून अंतिम वेगाचा अंदाज करू नये.

वेगाबद्दल खरे सांगायचे तर सर्वांत मोठा फरक लिनक्सने नव्हे, डिस्कने पडला. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून एक एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आणि आणखी चार जीबी रॅम घेतली. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. दुकानदाराने जुनी हार्ड डिस्क काढून यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत घालून दिली. यामुळे एकाच डिस्कवर दोन प्रणाली शेजारी ठेवण्याची कटकटच उरली नाही. विंडोज आणि त्यातील सगळ्या फायली जुन्या डिस्कवर जशाच्या तशा राहिल्या, आणि काही बिनसले तर दोन स्क्रू काढून ती परत बसवता आली असती. दोन्ही प्रणाली एका यंत्रात ठेवणाऱ्यांना आपल्याकडे हमखास दिसणारा एक प्रकारही त्यामुळे टळला : लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवते आणि विंडोज ते स्थानिक वेळ म्हणून वाचते, त्यामुळे विंडोजमध्ये शिरल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. डिस्क काढण्यापूर्वी विंडोजमधील जलद सुरुवातीची सोय बंद करून यंत्र पूर्ण बंद करणे मात्र आवश्यक आहे. एरवी विंडोज अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि लिनक्स तिची डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडते.

प्रत्यक्ष बसवण्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. भाषा, कळफलक, संपूर्ण डिस्क वापरण्याची परवानगी, कोलकाता हा कालविभाग, नाव आणि पासवर्ड एवढे विचारून झाल्यावर चहा होईपर्यंत काम उरकले. ध्वनी-चित्रफितींसाठीचे कोडेक घ्यायचे का, असा एक प्रश्न मधे येतो, त्याला होकार द्यावा. पडद्यावरील भाषा मराठी निवडता येते. मी ती काही दिवस ठेवूनही पाहिली, पण भाषांतर अपुरे असल्याने एकाच चौकटीत शीर्षक मराठी आणि आतले पर्याय इंग्रजी असे दिसत होते, म्हणून इंग्रजीवर परत आले. मराठी भाषांतराच्या कामाला स्वयंसेवक हवे आहेत हे त्यावरून स्वच्छ दिसते.

टंकलेखनाच्या बाबतीत माझी वाट सोपी होती, कारण मी आयएसएमच्या काळापासून इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने प्रमाण ठरवलेला कळफलक वापरते. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीतून मराठी निवडले आणि भाषा बदलण्यासाठी कॅप्स लॉकची कळ नेमली. बोटांना काहीही नवे शिकावे लागले नाही. ‘ळ’ आणि ‘ऱ’ नेहमीच्या जागी, शिफ्ट धरून. यजमानांना मात्र रोमन अक्षरांवरून मराठी उमटवण्याची सवय आहे. त्यांच्यासाठी आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम आणि त्याचा एम१७एन हा जोडभाग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतला आणि त्यांचे वेगळे खाते उघडून दिले, म्हणजे त्यांचा कळफलक माझ्या कामात येत नाही. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर हात बसलेल्यांची सोय मला तितकीशी समाधानकारक वाटली नाही. हिंदीसाठी रेमिंग्टनची मांडणी मिळते, पण मराठी टंकलेखकाची बोटे तिच्यावर काही ठिकाणी अडखळतात.

फॉन्टचा प्रश्न निराळाच. आरंभी पडद्यावर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत होते आणि माझ्यासारखीला ते खटकणारच. राज्य मराठी विकास संस्थेने मोफत उपलब्ध केलेला यशोमुद्रा हा फॉन्ट उतरवून घेतला, फाइलवर दोनदा टिचकी मारून बसवला आणि लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी तोच कायम केला. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तर काही फॉन्ट आपण होऊन मराठी वळणाची अक्षरे दाखवतात, ही सोयही तेव्हाच कळली.

प्रिंटरने मात्र दमवले. स्कॅनर जोडताच ओळखला गेला होता, त्यामुळे आशा वाढली होती. परंतु आमचा जुना लेझर प्रिंटर त्याच्या उत्पादकाच्या खास पद्धतीनेच आज्ञा घेणारा निघाला. कंपनीने लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर इतका जुना होता की नव्या प्रणालीवर तो बसेना. भाच्याने कोणा स्वयंसेवकाने लिहिलेला पर्यायी ड्रायव्हर बसवून दिला. त्याने पहिले पान उत्तम छापले आणि दुसऱ्या पानावर प्रिंटर मख्ख बसला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आज्ञा लिहिण्याची वेळ या संपूर्ण प्रवासात आली ती इथेच. शेवटी तो प्रिंटर संस्थेच्या कार्यालयातील विंडोजच्या संगणकाला देऊन टाकला आणि घरासाठी वायफायवर चालणारा दुसरा घेतला. घेताना एकच गोष्ट पाहिली : फोनवरून कोणतेही ॲप न घेता थेट छापणारी, एअरप्रिंट म्हणून ओळखली जाणारी सोय त्यात आहे का. अशा प्रिंटरला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जाळ्यात आला की तो यादीत आपोआप दिसतो. हा खर्च मात्र मूळ हिशेबात धरलेला नव्हता, आणि लिनक्स मोफत आहे असे सांगणाऱ्यांनी प्रिंटरचाही उल्लेख करत जावा.

घरातील इतरांना बदल पचवायला फारसा वेळ लागला नाही. सासूबाईंना पडद्यावर ब्राउझरचे चित्र त्याच जागी दिसले, त्यांच्या दृष्टीने काही बदललेच नव्हते. यजमानांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारले, “अगं, डी ड्राइव्ह कुठे गेला?” लिनक्समध्ये सी, डी, ई अशी विभागणी नसते. प्रत्येकाचे एक घर असते आणि त्यात कागदपत्रे, छायाचित्रे, संगीत यांचे फोल्डर असतात. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडला की तो डावीकडच्या यादीत वेगळा दिसतो. जुनी डिस्क जोडून त्यातील फोल्डर तसेच उचलून घरात ठेवले तेव्हा त्यांचे समाधान झाले. व्हॉट्सॲपचे लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही, पण मिंटमध्ये कोणतेही संकेतस्थळ स्वतंत्र खिडकीत, स्वतःच्या चित्रासह उघडण्याची सोय आहे. तिने तेही काम भागले. घरातल्या घरात एका संगणकावरून दुसऱ्यावर फायली पाठवायला वॉर्पिनेटर नावाचा मिंटचाच प्रोग्राम आहे, त्यामुळे पेनड्राइव्हची ये-जा बरीच कमी झाली.

मला स्वतःला सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट अपडेटची आहे. प्रणालीचे आणि बहुतेक प्रोग्रामांचे अपडेट एकाच जागी येतात, त्यांची यादी समोर दिसते आणि ते केव्हा घ्यायचे हे मी ठरवते. गाभा बदलला तर संगणक बंद करून सुरू करावा लागतो, पण तो माझ्या सवडीने. प्रोग्रामही कुठल्या तरी अनोळखी पानावरून उतरवून घ्यायचे नसतात, ते सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधायचे. त्यातील फ्लॅटपॅक प्रकारचे प्रोग्राम जागा बरीच खातात, कारण ते स्वतःला लागणारा सगळा संसार बरोबर आणतात. लहान एसएसडी असेल तर हे लक्षात ठेवावे. टाइमशिफ्ट हे साधन प्रणालीची स्थिती ठरावीक काळाने जपून ठेवते आणि अपडेटनंतर बिघाड झाला तर मागे नेते. मात्र ते मूलतः प्रणालीपुरते आहे. आपल्या फायलींची प्रत ते ठेवत नाही, ती वेगळ्या डिस्कवर स्वतंत्रपणे घ्यावीच लागते. मी दर रविवारी घेते.

काही गोष्टी अजून पूर्ण जमलेल्या नाहीत. सातबाऱ्यावरील किंवा ई-आधारवरील डिजिटल स्वाक्षरी पडताळून हिरवी खूण मिळवण्याची सवय ज्या पीडीएफ वाचकामुळे लागली होती, त्याची नवी आवृत्ती लिनक्ससाठी निघत नाही. ओक्युलर या वाचकात स्वाक्षरीची माहिती दिसते, पण कागदावर छापलेले प्रश्नचिन्ह तसेच राहते आणि समोरचा कारकून नेमके तेच पाहतो. अशा वेळी मी संस्थेच्या कार्यालयातील संगणक वापरते. एका जुन्या फॉन्टमधील काही फायलींना रूपांतराचे साधन मिळालेच नाही, त्या पीडीएफ स्वरूपातच पडून आहेत.

आमच्या इमारतीखालच्या किराणा दुकानदारांनी मध्यंतरी मला विचारले, “मॅडम, आमच्याही संगणकाला ते मोफतचं टाकून द्याल का?” त्यांचा सगळा व्यवहार टॅलीवर चालतो, जीएसटीची विवरणपत्रे त्यावरूनच तयार होतात आणि त्यांच्या करसल्लागाराला टॅलीचीच फाइल लागते. टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे. वाइनसारख्या मध्यस्थ प्रोग्रामच्या आधारे ती लिनक्सवर चालवण्याचे प्रयोग होतात, पण ज्याचे दुकान त्या हिशेबावर चालते त्याने ते प्रयोग करू नयेत. मी त्यांना सरळ नको म्हणून सांगितले आणि नवा संगणक घेताना त्यावर विंडोज ११ परवान्यासह आहे ना, एवढे बिलावर लिहून घ्या, असे सुचवले. त्यांच्या मुलीकडे कॉलेजसाठी वापरायचा जुना लॅपटॉप आहे, तो मात्र तिने पुढच्या आठवड्यात घेऊन यायचा असे ठरले आहे. येताना कामांची यादी लिहून आण, असे तिला सांगितले आहे.